सविताच्या डोक्याची वाटणी

सविताच्या डोक्याचे दोन समान भाग करण्याचे काम मनोजने रविवारी सकाळी साडेआठ वाजता हाती घेतले. नाकाच्या शेंड्यापासून मानेपर्यंत दोरा धरून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आले, की आपल्या पत्नीचा भांग मध्यावर नसून पाऊण सेंटिमीटर उजवीकडे आहे. लग्नाला चौदा वर्षे झाली होती आणि ही नोंद प्रथमच होत होती.

"बांध सरळ घाल," शेजारी पाटावर बसलेल्या साळूबाई म्हणाल्या. "मागून भांडण नको."

"आई, हा बांध नाही. ही नियंत्रित चाचणी आहे."

"असंल. पण सरळ घाल."

मनोज द्राक्षांवरील औषधांचे अंश तपासणाऱ्या निफाडजवळच्या एका प्रयोगशाळेत वरिष्ठ विश्लेषक होता. एका किलो द्राक्षांत एक सहस्रांश ग्रॅम औषध सापडले तरी तो संपूर्ण कंटेनर थांबवू शकत असे आणि हा अधिकार घरी आल्यावर आपल्याकडे राहत नाही, याचे त्याला मनातून वाईट वाटे. घरी साळूबाईंचे तेल होते.

सविताला पावसाळ्यात डेंग्यू झाला. ताप गेला, पण तीन महिन्यांनी, ऐन दिवाळीत, तिचे केस मुठीमुठीने गळू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की मोठ्या तापानंतर असे होतेच आणि पाचसहा महिन्यांत ते आपोआप थांबते. तोवर डाळी, अंडी, शेंगदाणे खावेत, ओल्या केसांत फणी घालू नये आणि वेणी सैल घालावी. मनोजला हा सल्ला अत्यंत आवडला, कारण त्यात कशाचाही रस काढायचा नव्हता.

साळूबाईंना मात्र त्यात औषधच दिसेना. त्यांचे सारे आयुष्य लासलगावजवळच्या गावात कांद्यात गेलेले. पती वारल्यावर आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर दोन वर्षांपूर्वी मनोज त्यांना नाशिकला, अमृतधामजवळच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला होता. त्यांनी गावाकडून साठवणीच्या चाळीतला शेवटचा कांदा मागवला, किसला, पिळला आणि त्याचा रस खोबरेल तेलात मंद आचेवर दोन तास कढवला.

"बाजारात लाल कांदा आलाय की," मनोज म्हणाला होता. "गावाहून कशाला मागवायचा?"

"लाल कांद्याचं निस्तं पाणी होतं. तेलाला उन्हाळ कांदाच लागतो. एवढा शिकला आन् एवढं ठावं नाय?"

मनोजची अडचण तात्त्विक होती. केस गळायचे थांबणार, हे निश्चित होते. प्रश्न श्रेयाचा होता. तेल लावले आणि केस थांबले, तर पुढची चाळीस वर्षे या घरात आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांत कांदा सिद्ध झालेला राहील. म्हणून त्याने चाचणी मांडली. डोक्याच्या डाव्या भागाला कांद्याचे तेल, लाल झाकणाच्या बाटलीतून. उजव्या भागाला साधे खोबरेल, हिरव्या झाकणाच्या बाटलीतून. दर रविवारी व बुधवारी तेल. रविवारी तेल लावून झाले, की दोन्ही बाजूंना स्वतंत्र फणीचे दहा दहा हात आणि गळालेले केस पांढऱ्या कागदावर. मुदत सहा रविवार. शेवटच्या रविवारचा आकडा निर्णायक. मात्र पाचपेक्षा कमी फरक हा योगायोग समजला जाईल.

"आन् मी जिंकले तर?" साळूबाईंनी विचारले.

"तर मी वर्षभर तुझं तेल माझ्या डोक्याला लावीन."

साळूबाईंनी त्याच्या डोक्याकडे पाहिले. तेथे पुढच्या बाजूस बराच प्रदेश मोकळा होता. "बरं. आन् तू जिंकला तर?"

"तर या घरात कांद्याचं तेल कढवायचं नाही."

साळूबाईंनी लाल झाकणाची बाटली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मान्य."

ज्या डोक्याविषयी हा करार झाला, त्या डोक्याचे मत कोणी विचारले नव्हते. "मला फक्त सोमवारी शाळेत शिकवायला जायचं असतं," सविता म्हणाली, "एवढं लक्षात असू द्या."

पहिल्या रविवारी डावीकडे एक्केचाळीस केस निघाले, उजवीकडे त्रेचाळीस. दुसऱ्या रविवारी अडतीस आणि एकोणचाळीस. मनोजने वहीत आकडे लिहिले आणि चहा घेताना तो उगाचच गुणगुणला.

शाळेत मात्र चाचणीचे परिणाम अधिक स्पष्ट होते. शाम्पूने तेल जात असे, वास जात नसे. शिक्षकांच्या खोलीत सविताच्या डावीकडे हिंदी शिकवणाऱ्या कौसर मॅडम बसत. त्यांनी दोन आठवडे सहन केले.

"मॅडम, राग नका मानू," त्या अखेर म्हणाल्या, "पण तुमच्या डाव्या कानाजवळ कोणी भजी तळतंय का?"

सविताने सगळे सांगितले. कौसर मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे उजवीकडे काही नाही? नक्की?"

"उजवीकडे साधं खोबरेल."

"मग मी उजवीकडे बसते," असे म्हणून त्यांनी आपली खुर्ची, वह्यांचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली सविताच्या उजव्या बाजूला हलवली.

तिसऱ्या रविवारी गडबड झाली. उजवीकडे अठ्ठावीस केस निघाले आणि डावीकडे त्रेपन्न. मनोजने दोनदा मोजले. कांद्याने फायदा होत नाही, एवढेच त्याला दाखवायचे होते. कांद्याने नुकसान होते, असे तो कधीच म्हणाला नव्हता. साळूबाईंनी कागदावरचे केस पाहिले आणि त्या गॅलरीत जाऊन बसल्या.

पुढच्या बुधवारी आपली बाजू झाल्यावर मनोज आईची बाजू पाहायला मुद्दाम थांबला आणि कारण त्याला पाच मिनिटांत सापडले. उजव्या बाजूला तो स्वतः तेल लावत असे. प्रयोगशाळेत नळीतून थेंब सोडावेत तसे, मोजून, बोटाच्या टोकाने. डाव्या बाजूला साळूबाई होत्या. दोन रविवार बरोबरीत गेल्यावर जिंकण्यासाठी त्यांनी जिवाची बाजी लावली होती. दोन्ही तळवे रोवून त्या चाळीस मिनिटे असे चोळत होत्या, की सविताचे डोके बरोबर तालात उजवीकडे झुकत होते.

"आई, तेलाने नाही, तुझ्या हाताने केस निघताहेत. जोर कमी कर."

"जोर कमी केल्यावर लावल्यासारखं वाटंल का तिला?"

"मला वाटेल, आई," सविता डोळे मिटूनच म्हणाली. "थोडं कमी चोळलं तरी चालेल."

मनोजने सुधारणा केली. हात हा घटक दोन्हीकडे सारखाच हवा. यापुढे दोन्ही बाजूंना साळूबाईच तेल लावतील, प्रत्येकी दहा मिनिटे, मोबाइलचा गजर लावून. त्याने लाल आणि हिरव्या, दोन्ही झाकणांच्या बाटल्या त्यांच्या ताब्यात दिल्या. प्रयोगशाळेत अशी चूक एखाद्या शिकाऊ उमेदवाराने केली असती, तर त्याला मनोजने लेखी समज दिली असती.

चौथ्या रविवारी एकवीस आणि बावीस. पाचव्या रविवारी अठरा आणि अठरा. केस गळणे थांबत चालले होते, दोन्हीकडे सारख्याच गतीने, अगदी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

"कौसर मॅडम म्हणतात, आता उजवीकडूनही वास येतो," त्या आठवड्यात जेवताना सविता म्हणाली. "विचारत होत्या, मी आता जाऊ तरी कुठं?"

"वास पसरतो," मनोज म्हणाला. "त्याला विसरण म्हणतात. आणि हे एकाच व्यक्तीचे निरीक्षण आहे." साळूबाईंनी त्याला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी मनोज दुपारी लवकर घरी आला. साळूबाई गॅलरीत फोनवर बोलत होत्या. पलीकडे गावाकडची त्यांची जाऊ, अक्काबाई, असावी.

"अक्काबाई, तेवढी पुढची खोली झाडून घे. येते मी पंधरवड्यात... नाय गं, लय चांगले हायत दोघं. पण इथं काम काय हाय मला? भांडी बाई घासती, कपडे मशीन धुतं. एक तेल कढवत होते, तेबी आता उद्यापासून बंद."

मनोज चप्पल हातात घेऊन दाराबाहेर गेला आणि दहा मिनिटांनी, बेल वाजवून, पुन्हा आत आला. त्या दहा मिनिटांत जिन्यावर बसून त्याने करारातले एक कलम प्रथमच नीट वाचले. बरोबरी म्हणजे त्याचा विजय होता. विजय म्हणजे गावाकडची ती पुढची खोली.

रविवारी साळूबाईंनी दोन्हीकडे दहा दहा मिनिटे तेल लावले. सविताने स्वतः दोन्ही फण्या फिरवल्या, कागद जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले आणि त्या दोघी गॅलरीत जाऊन बसल्या. मनोज मोजायला एकटा बसला. उजवीकडे पंधरा. डावीकडे तेरा. फरक दोन. नियमाप्रमाणे योगायोग.

त्याने पुन्हा मोजले. आकडे बदलले नाहीत. ज्याने साडेसात टन द्राक्षे एका दशांश चिन्हासाठी परत पाठवली होती, त्या मनोजने दाराकडे एकदा पाहिले, डाव्या कागदावरचे चार केस चिमटीत धरले आणि आपल्या पायजम्याच्या खिशात घातले.

"डावीकडे नऊ," त्याने बाहेर जाऊन जाहीर केले. "उजवीकडे पंधरा. फरक सहा. आई, तू जिंकलीस."

साळूबाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. "नीट मोजलं ना?"

"दोनदा."

"मग अक्काबाईला कळवाया पाहिजे," त्या म्हणाल्या आणि फोन शोधायला आत गेल्या.

त्या आत जाताच सविताने आवाज खाली आणला. "खरे किती होते?"

"कशाचे?"

"डावीकडचे. नऊ असूच शकत नाहीत. तिथे तेरा होते. फणीतून दोन मीच आधी काढून घेतले होते, आईंसाठी. मला वाटलं, दोन पुरेत. तुमचा तो पाचांचा नियम विसरले."

मनोजने मनात बेरीज केली. पंधरा आणि पंधरा. त्याचे भाकीत शंभर टक्के अचूक ठरले होते आणि ते आता जगात कोणालाही सांगता येणार नव्हते.

"आता वर्षभर कांदा," सविता म्हणाली. "लॅबमध्ये काय सांगणार?"

"वास पसरतो, असं सांगीन."

शिक्षा त्याच दिवशी सुरू झाली. मनोज पाटावर बसला, त्याने डोळे मिटले, श्वास रोखला. डोक्यावर तेल आले. तळवे हलके होते, सविताच्या डाव्या बाजूच्या वाट्याला आले त्याच्या पावपटसुद्धा नाही. अर्ध्या मिनिटाने श्वास घेणे भाग पडले, तेव्हा त्याने तो सावधपणे, नाकाच्या टोकाने घेतला. मग नीट घेतला.

"आई, यात कांदा नाही."

"नाय."

"साधं खोबरेल आहे हे."

"तुला मोठ्या लोकांत बसावं लागतं. कांद्याच्या वासाचं डोकं घेऊन कुठं जाशील?"

मनोजने मान वळवून पाहिले. साळूबाईंच्या शेजारी एक नवी बाटली होती. लाल झाकणाची बाटली जवळजवळ रिकामी होती आणि हिरव्या झाकणाच्या बाटलीतले तेल, जे साधे खोबरेल म्हणून थंडीत पांढरे गोठलेले असायला हवे होते, ते तपकिरी दिसत होते.

"आई, हिरव्या बाटलीत काय आहे?"

"मान हलवू नको."

"काय आहे?"

"माझ्या हातात दोन्ही बाटल्या दिल्या, त्या दिवशीच घातला त्यातबी कांदा." साळूबाईंच्या आवाजात अपराधाचा एकही सहस्रांश नव्हता. "पोरीचं अर्धं डोकं उपाशी ठेवायचं, हे मला काय जमंना. हरले तर हरले."

सविता दारात उभी होती. ती हसली नाही, पण तिने वेणीचे टोक तोंडावर धरले होते.

नियंत्रित भागच नियंत्रित नव्हता, मोजमाप करणाऱ्याने मोजमाप बदलले होते आणि जिच्यावर प्रयोग झाला तिने पुरावा काढून टाकला होता. सहा आठवड्यांच्या कामातून निष्कर्ष काढण्याजोगे काहीही शिल्लक नव्हते. मनोजला आपण या प्रकाराने अस्वस्थ व्हायला हवे, असे वाटले. पण साळूबाईंचे बोट त्याच्या कपाळापासून मागे जात होते आणि त्याला तसे नीट अस्वस्थ होता येईना.

"बांध नाही घातलास मध्ये?" त्याने विचारले.

"इथं काय वाटायचं? सगळं पडीकच हाय."

"मग साधं तेल तरी कशाला लावतेस?"

"पडीक हाय म्हणून काय कुणी रानात जायचं सोडतं?" साळूबाई म्हणाल्या. "सरळ बस."

मनोज सरळ बसला.