जायफळचं वजन

जायफळच्या दोन दाढा किडल्या होत्या आणि त्या काढायला त्याला पूर्ण भूल द्यावी लागणार होती. म्हणून यज्ञेश्वर भिडे आणि कुसुमताई आपल्या या तपकिरी कुत्र्याला रात्रीपासून उपाशी ठेवून सकाळी दहाला नारायण पेठेतल्या डॉक्टर अस्मितांच्या दवाखान्यात हजर झाले.

"भूल वजनावर ठरते," डॉक्टर म्हणाल्या. "आमचा प्राण्यांचा काटा दुरुस्तीला गेलाय. या माणसांच्या काट्यावर उभं करा त्याला."

जायफळने काट्यावर एक पाय ठेवला, काटा हलला, आणि तो शेजारी फतकल मारून बसला. असं तीनदा झालं.

"काका, तुम्ही त्याला उचलून उभे राहा. मग तुमचं वजन वजा करू."

यज्ञेश्वर आढेवेढे घेत उभे राहिले. काट्याने एकशे पाच दाखवलं.

"आता तुम्ही एकटे."

"कशाला?" कुसुमताई अभिमानाने म्हणाल्या. "ह्यांचं अठ्ठ्याहत्तर. परवा रविवारीच मोजलंय. चार महिन्यांत नऊ किलो उतरवलेत."

त्या नऊ किलोंचं खरं असं होतं, की टेकडी चढायला म्हणून निघालेले यज्ञेश्वर रोज पायथ्याशीच मिसळ खात बसत, आणि घरच्या काट्याचं शून्य जुळवायचं छोटं चाक दर रविवारी केसभर मागे फिरवत. रिकाम्या काट्याकडे कोण बघतंय, एवढ्या विश्वासावर सगळं चाललं होतं.

"म्हणजे हा सत्तावीस," डॉक्टर जायफळला न्याहाळत म्हणाल्या. "दिसतो तर अठरा-वीसचा."

"हाडं जड आहेत त्याची," कुसुमताई म्हणाल्या.

यज्ञेश्वरांना एक मार्ग सुचला. "माझे हात थरथरत होते, आकडा चुकला असेल. कुसुम, तू घेऊन बघ ना."

कुसुमताईंनी जायफळला कडेवर घेतलं. एकोणनव्वद.

"माझं बासष्ट," त्या म्हणाल्या, आणि जरा लाजून पुढे म्हणाल्या, "माझेही नऊ उतरले. काहीच न करता."

यज्ञेश्वरांनी मनात दोनदा वजाबाकी केली. दोन्ही वेळा सत्तावीसच आले. घरात काटा एकच आहे, ही गोष्ट चार महिन्यांत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"दोन माणसं आणि उत्तर एकच. मग शंका नको." डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला आणि औषधाची बाटली उचलली.

"डॉक्टर, समजा तो चार... म्हणजे नऊ किलो कमी भरला, तर?"

"तर दीडपट भूल जाईल. श्वास मंदावेल, रक्तदाब उतरेल. कदाचित जागाच होणार नाही. का?"

जायफळ यज्ञेश्वरांच्या बुटाची नाडी चाटत होता.

"घरच्या काट्याचं चाक मी फिरवलंय," यज्ञेश्वर जायफळकडेच बघत म्हणाले. "मी अठ्ठ्याहत्तर नाही. सत्त्याऐंशी."

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "पेशंट खोटं बोलत नाहीत, म्हणून मी प्राण्यांची डॉक्टर झाले," त्या म्हणाल्या. "चढा आता, एकेक करून."

सत्त्याऐंशी आणि एकाहत्तर. जायफळ दोन्हीकडून अठरा भरला.

दाढा निघाल्या. जायफळ डोळे उघडून, झिंगल्यासारखा चालत कुसुमताईंच्या पायाशी आला, तेव्हा त्या बोलल्या.

"चार महिने मी रोज तुपातला शिरा खातेय. अंगाला लागत नाही म्हणून."

यज्ञेश्वर जायफळचा पट्टा नीट करू लागले.

"आणि त्या रंगनाथ शिंप्याला चारचौघांत बोलले. नऊ किलो उतरलेत, ब्लाउज दोन इंच आत घ्या, असं मीच सांगितलं. हात शिरेना, तेव्हा म्हटलं, तुम्हाला माप घेता येत नाही."

"मी सांगतो त्याला."

"आत्ताच जा. चालत. मी जायफळला रिक्षाने नेते."

सदाशिव पेठेतल्या दुकानात रंगनाथने सगळी माफी शिलाई मशीन न थांबवता ऐकून घेतली. मग तो उठला आणि गळ्यातली टेप काढून म्हणाला, "हात वर करा."

"अरे, मला काही शिवायचं नाहीये."

"शिवायला नाही. बाईंचा फोन आला होता. दर रविवारी तुमची कंबर मोजून त्यांना कळवायचीय." टेप आवळता आवळता तो थांबला. "आणि पोट आत घेऊ नका. तेही सांगितलंय त्यांनी."