ढोम्याचा आवाज

हौशीरामच्या नातीचं, संस्कृतीचं, लग्न झालं ते २०२३ सालच्या डिसेंबरात. ती डिंभ्याहून श्रीवर्धनला नांदायला गेली. मांडवात जेवताना तिचे सासरे धर्माजी सहज बोलून गेले, "आमच्याकडे वाळूत उभं राहून ढोमा मासा गळाला लावतात. पाण्याबाहेर काढला की पोटातून वाजतो. डुगडुग, डुगडुग."

शेजारच्या पानावर वजीर घास हातात धरून थांबला. वजीर घोडेगावचा, पत्र्याच्या पेट्या बनवणारा. गेली पंचवीस वर्षं दर रविवारी तो आणि हौशीराम धरणावर गळ टाकून बसायचे. धरणातला मासा त्यांच्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता. आणि वजीरचं हृदय आता फार दिवस साथ देणार नाही, हे डॉक्टरांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं.

"एकदा ऐकायचाय राव," वजीर म्हणाला. "मग काय व्हायचं ते व्हऊ दे."

धर्माजींनी फोनवर सामान सांगितलं. बारा फुटी काठी, दोन तुकड्यांची. मोठं रीळ, दोनशे मीटर दोर, आणि लाटेनं हलू नये म्हणून दीडशे ग्रॅमचं शिसं. दोघं पुण्याला गेले. दुकानदारानं एक हलकी काठी पुढे केली. "नवशिक्यांना ही बरी पडते."

"नवशिकं कोण?" हौशीराम म्हणाला.

"त्याला भारीतली दावा," वजीर म्हणाला. "त्याच्याकडून पंचवीस वर्षांत लई मासं सुटल्यात."

काठी घेतली, पण तिचा मधला जोड काही हौशीरामला पटेना. ऐन वेळी काठी तिथंच निखळणार, अशी त्याची खात्री होती. घरी येऊन त्यानं जोडात सरस भरला, वरून तांब्याची तार गुंडाळली आणि हळदकुंकू लावलं. काठी कायमची अखंड झाली.

मग सराव. रस्त्याकडेच्या भाताच्या खाचरात उभं राहून हौशीरामनं काठी मागं नेली आणि जीव खाऊन फेकली. शिसं खाचर ओलांडून रस्त्यावर गेलं आणि गळ दुधाच्या टेम्पोच्या ताडपत्रीत रुतला. रीळ किंचाळायला लागलं.

"धर, धर, मोठा हाय," वजीर म्हणाला. हसून हसून तो बांधावरच बसला. दोनशे मीटर दोर संपला, तुटला आणि टेम्पोबरोबर गेला. तासाभरानं घोडेगावहून वजीरच्या बायकोचा, रहिमाबीचा, फोन आला. "तुमचं शिसं डेअरीवर आलंय. तुमी कधी येताय?"

नवा दोर येण्यात आठ दिवस गेले. निघायच्या दिवशी एसटी आली, पण काठी काही आत जाईना. दारातून घातली तर मागच्या काचेला लागायची, खिडकीतून घातली तर पलीकडे निघायची.

"घडी करा तिची," कंडक्टर म्हणाला.

"व्हत न्हाई," हौशीराम म्हणाला. "मीच पक्की केलीय."

एसटी गेली. हौशीरामनं घरी जाऊन करवत काढली आणि काठी जोडाजवळ कापली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वजीरला धाप लागली आणि त्याला मंचरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं.

हौशीराम खाटेशी बसून राहिला. "म्या जोड चिकटवला नसता तर काल पोचलो असतो आपण."

"आता रडतो का काय?" वजीर म्हणाला. "तू जा. मी फोनवर ऐकतो."

श्रीवर्धनला धर्माजींनी कापलेल्या काठीकडे एकदा पाहिलं आणि आपली काठी पाहुण्याच्या हातात दिली. दोन दिवस नुसत्या लाटा. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना ढोमा लागला, चांगला हातभर. हौशीरामनं ओल्या हातानं फोन लावला आणि माशाच्या पोटाशी धरला.

मासा गप्प.

"मादी असेल," धर्माजी हळूच म्हणाले. "वाजतो तो नर."

"आला का आवाज?" फोनमधून वजीर विचारत होता. त्याचा आवाज फार बारीक झाला होता.

हौशीरामनं फोन तोंडाशी नेला, गाल फुगवले आणि घशातून आवाज काढला. डुगडुग. डुगडुग.

पलीकडून आधी धाप ऐकू आली. मग वजीर म्हणाला, "राव, ह्या माशाला बिडीचा खोकला हाय."

"समुद्राचा हाय. खारं पाणी बाधतं."

"बरं. आजून वाजव."

हौशीराम गुडघाभर पाण्यात उभा राहून वाजवत राहिला. धर्माजी दुसरीकडे बघत होते. थोड्या वेळानं रहिमाबीनं फोन घेतला. "भाऊ, थांबू नका. डोळं मिटल्यात, पर हसतायत."

वजीर हुसेन शेख शुक्रवारी, १६ फेब्रुवारी २०२४ रोजी, सकाळी मंचरला वारला. वय एकोणसत्तर.