हाराचा मान आणि विनीतचा लॅपटॉप

लॅपटॉपच्या पडद्यावर हिरव्या उभ्या रेघा आल्या, तेव्हा विनीतने पहिला दोष गावच्या विजेला दिला. दुसरा धुळीला दिला. तिसऱ्यासाठी कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो राहीबाईंकडे वळला.

"काकी, सकाळी तूच झाडलंस ना इथं?"

"मग? देवळात झाडायचं पन नाय का रे?" राहीबाई म्हणाल्या. "तुज्या पेटीला शिंक आली काय?"

विनीत मुंबईकर मंडळाचा सचिव. वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत हरिनाम सप्ताहाच्या शेवटी कीर्तन होतं. पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावून हार घालायचा मान विनीतच्या चुलत्यांचा, म्हणजे राहीबाईंच्या यजमानांचा, हैबतीआबांचा. आबांच्या आधी तो त्यांच्या वडिलांचा होता. पण यंदाच्या सभेत सचिवमहाशय उभे राहिले.

"आबांनी बरीच वर्षं घातला की हार! यंदा मी बुवांच्या मागे मोठ्या पडद्यावर साक्षात विठोबा दाखवतो. नमनापासून आरतीपर्यंत. विठोबा दिसला तर हार मी घालणार. नाय दिसला तर जन्मात मान मागणार नाय!"

ज्या बुवांनी डोळे मिटून एकदा 'विठ्ठल' म्हटलं की समोरच्या म्हातारीलाही कमरेवर हात ठेवलेला देव दिसतो, त्यांना विजेवर चालणारा विठोबा पुरवायला हा गृहस्थ निघाला होता. पण हे सभेत बोलणार कोण? मुंबईहून आलेल्या माणसापुढे वाडीची जीभ जरा जडच होते. हैबतीआबा एवढंच म्हणाले, "घाल बाबा. बुवांच्या गळ्यात हार पडल्याशी मतलब."

आणि आता, कीर्तनाला एक रात्र उरलेली असताना, विठोबाच्या जागी हिरवं कुंपण दिसत होतं.

विनीतने लॅपटॉप बंद केला, चालू केला. बॅटरी काढली, पुसली, बसवली. पंख्याच्या जाळीत फुंकर मारली. आतली धूळ डोळ्यांत गेली. सकाळच्या पहिल्या एसटीने तो महाडला गेला. बाजारातल्या दुकानदाराने रेघा बघितल्या आणि झाकण मिटलं.

"ग्राफिक कार्ड गेलंय. ते बोर्डालाच चिकटवलेलं असतं. मुंबईला पाठवावं लागेल."

"मला संध्याकाळी पाहिजे!"

"मग संध्याकाळी दुसरा आणा."

"भाड्याने द्या एखादा."

"लग्नसराई आहे साहेब. होता तो शूटिंगवाल्याने नेला."

डेपोत उभ्या उभ्या विनीतने ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. मित्राने तिकडून छातीठोक सांगितलं की चिपखालचे सोल्डरिंगचे टाके सुटले असणार. लॅपटॉप चालू ठेवून टॉवेलात गच्च गुंडाळ, आपल्याच उष्णतेने टाके वितळून पुन्हा बसतील. मित्राने स्वतःच्या लॅपटॉपवर हे करून पाहिलं होतं का, हे विचारायला विनीत विसरला.

वाडीत आबांच्या घरी आल्यावर टॉवेल अपुरा वाटला, म्हणून त्याने आबांची घोंगडी घेतली. राहीबाई प्रसादाची परात घेऊन आल्या, तर कोपऱ्यात गाठोडं, आणि समोर घामाघूम पुतण्या.

"आत कोण हाय रे?"

"लॅपटॉप."

"थंडी वाजते त्याला?"

"काकी, ही टेक्निकल ट्रीटमेंट आहे. तुला नाय कळायचं."

"कळतंय की. आजारी करडाला आमी पन हीच करतो," राहीबाई म्हणाल्या. "पन करडाच्या अंगाला असा करपट वास नाय येत."

विनीतने घाईघाईने घोंगडी सोडली, आणि काय आश्चर्य! विठोबा लख्ख! विनीतची छाती फुगली. आधुनिक विज्ञान आणि मागासलेली खेडी यांवर त्याचं भाषण सुरू झालं, आणि ते रंगात येतंय तोच रेघा परत आल्या. त्याने संतापून डाव्या बाजूला थाप मारली. विठोबा आला. हात उचलला, विठोबा गेला. हात ठेवला, आला.

"वरवंटा ठेव त्यावर," राहीबाईंनी सुचवलं.

वरवंटा ठेवला. तो बटणांवर घरंगळला आणि विठोबाच्या जागी ऑफिसच्या पार्टीत टेबलावर नाचणारा विनीत दिसू लागला. वरवंटा लगोलग स्वयंपाकघरात परत गेला. शेवटी हातच खरा ठरला.

संध्याकाळी देऊळ भरलं. पहिल्या रांगेसमोर, जमिनीवर, प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपची डावी बाजू हाताने दाबून विनीत ओणवा बसला होता. "महागडी वस्तू आहे, कुणी जवळ यायचं नाय," असं त्याने आधीच बजावलं होतं. त्यामुळे कुणी आलं नाही. मशीन बिघडलंय हे कबूल करणं तर सचिवपदाला शोभणारं नव्हतं. बुवांनी नमन केलं. मृदंग घुमला, टाळ लागले. पूर्वरंग असा चढला की मागच्या पडद्याकडे कुणाचं लक्षही जाईना. विनीतच्या तळहाताला मात्र चांगलेच चटके बसत होते.

पूर्वरंग संपला. 'विठ्ठल विठ्ठल' असा गजर सुरू झाला. हाराचं तबक पुढे आलं.

"विनीतराव, या!" वाडीच्या पुढाऱ्यांनी हाक मारली.

विनीत उठला. विठोबा गेला.

"अगो बाय, देव गेला!" बायका कळवळल्या.

विनीत मटकन बसला. विठोबा आला. बायकांनी हात जोडले. विनीत अर्धवट उठला. देव हिरवा पडला. बसला, देव सावळा झाला. तबक धरणाऱ्याचे हात भरून आले.

"अरे ये ना!"

"आबांना... आबांनाच घालू द्या," विनीत बसल्या जागेवरूनच म्हणाला.

हैबतीआबा उठले. बुवांच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात हार घातला, पायांवर डोकं ठेवलं. बुवांचे डोळे भरून आले. गजर थांबवून त्यांनी विनीतकडे बोट केलं.

"मायबाप, हे पोर बघा! हार समोर आला, पण देवाच्या सेवेवरचा हात काढला नाही. मान वडीलधाऱ्यांना दिला आणि आपण जमिनीवर राहिलं. याला म्हणतात निरभिमानी!"

सगळ्या देवळाने टाळ्या वाजवल्या. निरभिमानी माणसाने हात दाबून धरत दात ओठ खाल्ले. बुवांना ती भावसमाधी वाटली.

पुढच्या वर्षी विनीत कोरा करकरीत लॅपटॉप घेऊन सभेला आला. हाराचा विषय निघाला तेव्हा हैबतीआबा स्वतःच म्हणाले, "या खेपेला पोराला घालू द्या की."

"छे छे!" सगळी सभा एकदम बोलली. "विनीतला मानाची हाव नाय. बुवांनीच सांगितलंय."

विनीतने लालबुंद चेहऱ्याने घाईघाईने तोंड उघडलं.

"बगा, बगा," राहीबाई कौतुकाने म्हणाल्या, "नाव काढलं तरी कसा लाजतो!"