वाढीव कार्ड

"तुम्ही सरळ हो म्हणायला हवं होतं," असं आमच्या घरात अजून रोज एकदा तरी ऐकू येतं. (म्हणजे नंदा म्हणते. घरात आम्ही दोघंच.) पण मी आजही छातीठोकपणे सांगतो, माझं काही चुकलं नाही. जे झालं ते एका शब्दामुळे झालं, आणि तो शब्द मी बरोबरच वापरला होता.

एकोणऐंशीचा उन्हाळा. लोणावळ्यात आमच्या चाळीमागे एक बंगला आहे. त्या बंगल्यातला श्रीरंग अमेरिकेहून सुट्टीला आला तो चक्क कॉम्प्युटर घेऊन. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं, अशी माझी समजूत होती. हा दिसायला टाइपरायटरसारखा आणि टीव्हीला जोडलेला. झाकण ट्रंकेसारखं उघडायचं, आत खाचांची रांग. त्या खाचांत हिरव्या पट्ट्या उभ्या खोचायच्या. एक खोचली की तो कागदावर छापणार, दुसरी खोचली की टेपरेकॉर्डरशी बोलणार. या पट्ट्यांना श्रीरंग 'एक्स्पान्शन कार्ड' म्हणायचा. तिकडच्या जुन्या बाजारातून त्यानं असली बिननावाची कार्डं खोकंभर उचलली होती, आणि कुठलं कशाचं हे ओळखत बसणं हा त्याचा छंद होता. सगळी ओळखून झाली, एकच अडलं. त्याच्यावर ना नाव, ना नंबर, ना कंपनीचा छाप. खोचलं तरी कॉम्प्युटर ढिम्म.

"ह्याच्यापुढे मी हात टेकले, महिपतीराव," श्रीरंग म्हणाला.

"माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "रविवारपर्यंत सांगतो."

आता पोटापाण्यासाठी मी, महिपती केदारी, रेशनच्या ऑफिसात कारकून असलो, तरी जीव माझा यंत्रांत आहे. घरचा रेडिओ मी स्वतः उघडलाय. (तो बंद करायचा राहिलाय. एक चापट मारली की बातम्या लागतात, दोन मारल्या की कीर्तन.) इस्त्रीही मीच दुरुस्त केली होती. ती आता दाराला अडण म्हणून उत्तम काम देते. तेव्हा एक वीतभर पट्टी मला ओळखता येणार नाही, असं कुणी समजू नये.

पट्टी घेऊन घरी आलो, तर सासूबाई दारात. सावित्राबाई तिकोणा पेठेहून लेकीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणतो.

"ह्ये काय आनलं, जावयबापू?"

"कार्ड आहे, मामी."

"कसलं कारड?"

एक्स्पान्शन हा शब्द त्यांना सांगून काय उपयोग? मी नेमका मराठी शब्द शोधला. "वाढीव कार्ड," मी म्हणालो.

"हितलंच हाय?"

"नाही, अमेरिकेचं."

मामींनी मान डोलावली आणि हंडा घेऊन नळावर गेल्या. मी चष्म्यावर भिंग धरून कामाला बसलो. पट्टीच्या पुढच्या अंगाला काळे किडे चिकटवल्यासारखे भाग होते, मागच्या अंगाला कथिलाचा डाग दिलेल्या तारांची बारीक टोकं नुसती टोचत होती. पहिल्या दिवशी एवढं मी नक्की ओळखलं की ती हिरवी आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचा नथू आला. हातात रॉकेलचा रिकामा डबा. (डबा घेऊनच हिंडायचे दिवस होते ते, त्यामुळे मला काही वाटलं नाही.)

"भाऊ, कारड आलंय म्हनं."

"आलंय की."

"वाढीव?"

"वाढीवच."

"मग त्याच्यावर काय काय मिळतं?"

"तेच शोधतोय. ह्यानं नक्की काय वाढतं, ते एकदा कळू दे."

"आमाला बी सांगशीला ना? घरात माणसं लय हायेत."

"सगळ्यांना घेऊन ये. त्यात लपवायचं काय?"

नथू माझ्या पाया पडायचाच बाकी होता. विज्ञानाची एवढी ओढ त्याला असेल असं मला वाटलं नव्हतं. मी नंदाला तसं म्हणालोही. नंदानं माझ्याकडे नुसतं बघितलं. ती जेव्हा नुसतं बघते तेव्हा तिचं ऐकावं, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं. पण ऐकायला ती काही बोलली तर पाहिजे.

नथूनं काय केलं असेल? तो शनिवारी डबा घेऊन थेट आमच्या ऑफिसात गेला आणि गुळवे साहेबांना म्हणाला, "केदारी भाऊंच्या घरी अमेरिकेचं वाढीव कारड आलंय, त्याच्यात आमचं बी नाव चढवा." मी तेव्हा गोदामावर गेलो होतो. साहेबांना आश्चर्य वाटलं नाही. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आपण सगळ्यांनी रेशनवर खाल्लीय. तिकडून धान्य येतं, तर कार्ड का येणार नाही?

रविवारी सकाळी दार वाजलं. दारात गुळवे साहेब, आणि त्यांच्यामागे नथूपासून पार नळापर्यंत रांग. हातांत डबे, पिशव्या.

"केदारी, तुमच्या घरी वाढीव कार्ड आहे?"

"आहे साहेब," मी ताठ मानेनं म्हणालो. मग माझी नजर डब्यांवर गेली, आणि घोळ लक्षात आला. रेशनच्या कारकुनाच्या घरात एक कार्ड जास्त सापडलं, तर तो कारकून राहत नाही. नशीब फुटकं असेल तर घरीही राहत नाही.

"म्हणजे साहेब, ते रेशनचं नाही."

"मग कशाचं आहे?"

"ते माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. म्हणून तर ते माझ्याकडे आलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नोकरीत त्यांनी थापा पुष्कळ ऐकल्या असतील, पण इतक्या कमी मेहनतीची थाप पहिलीच असावी.

"दाखवा," ते म्हणाले.

मी कपाटावर हात घातला. कार्ड नाही. फडताळात नाही. रेडिओत नाही. (तिथंही बघितलं. दोन धक्के लागले आणि कीर्तन सुरू झालं.)

"लपवलं जनू," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"परवा तर म्हनलं, लपवायचं काय," नथूनं दुःखानं दुजोरा दिला.

नंदा पुढे सरकली. "अहो, नोकरी जाईल," ती माझ्या कानात म्हणाली. मलाही तेच वाटत होतं, पण मागे हटायचं माझ्या स्वभावात नाही. मी साक्षीदार म्हणून श्रीरंगला बोलावून आणलं. शिकलेला माणूस, अमेरिकेत राहणारा. एका वाक्यात मला सोडवेल.

"तुम्ही यांना काय दिलं होतंत?" साहेबांनी विचारलं.

"एक्स्पान्शन कार्ड."

"मराठीत काय म्हणाल त्याला?"

श्रीरंगनं विचार केला. "वाढीव कार्ड. हो, अगदी योग्य शब्द आहे."

बघा, मी म्हणत नव्हतो? मला क्षणभर इतका आनंद झाला की आपण त्याच शब्दापायी बुडतोय हे विसरूनच गेलो. साहेबांनी फक्त मान हलवली. उद्या ऑफिसात येण्याची तसदी घेऊ नका, असंच ते म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मोरीचं दार उघडलं आणि मामी बाहेर आल्या. ओले पाय, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि हातात हिरवी पट्टी.

"नंदे, ही वजरी कुटं मिळाली गं? लय झ्याक हाय. भेगा पार निघाल्या बघ." आणि त्यांनी साहेबांसमोर टाच वर केली. टाच खरोखरच चकचकीत होती.

साहेबांनी पट्टी हातात घेतली. मागची टोकं बोटानं चाचपली. वास घेतला. साबणाचा होता.

"केदारी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला, "ही पाय घासायची वजरी आहे. वजरीवर कुणाला रॉकेल मिळत नाही. तुम्ही हो म्हणा, मी जातो."

एवढंच करायचं होतं मला. हो म्हणायचं, नोकरी वाचवायची, चहा प्यायचा. नंदा मला मागून चिमटे काढत होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "वजरी नाही ती."

"मग कार्ड आहे?"

"कार्डच आहे."

"वाढीव?"

आता मात्र चिमटा फार जोरात बसला. मी पट्टीकडे बघितलं, मामींच्या टाचेकडे बघितलं. माझा स्वाभिमान आणि माझा पगार यांच्यात जी काय झटापट झाली ती मलाच ठाऊक. शेवटी ऑफिसची भाषा कामी आली.

"तात्पुरत्या स्वरूपात वजरी आहे, साहेब," मी म्हणालो. "पुढील निर्णय होईपर्यंत."

"मंजूर," साहेब म्हणाले. रांग डबे वाजवत आपापल्या घरी गेली. साहेब मात्र दारात घुटमळले, आणि मामींना हळूच विचारलं, "मावशी, अशी आणखी एक मिळेल का? आमच्या मंडळींच्या टाचा फार दुखतात."

श्रीरंगनं कार्ड उन्हात वाळवून पुन्हा खोचून पाहिलं. कॉम्प्युटर पहिल्यासारखाच ढिम्म. जाताना त्यानं ते मामींनाच देऊन टाकलं. म्हणाला, "निदान ह्यांना तरी त्याचा उपयोग कळला." हे माझ्यादेखत म्हणाला. मामी ते तिकोणा पेठेला घेऊन गेल्या, आणि तिथं मला आता महिपती केदारी म्हणून कुणी ओळखत नाही. वजरीवाले जावई म्हणतात.

म्हणोत. ती वजरी नाही, हे मी आजही मानतो, उद्याही मानेन. दिवाळीला सासुरवाडीला गेलो की मामी पाण्याच्या घंगाळाशेजारी ती माझ्यासाठी काढून ठेवतात, आणि मी वापरतोही. पण ते टाचांना भेगा पडतात म्हणून. कार्ड की वजरी, हा आमचा अंतिम निर्णय अजून व्हायचाय. (डावा पाय झालाय, उजवा राहिलाय.)