गवईबाईंचे दरवाजे

गवईबाईंना नमस्कार केला की त्या आधी मनगट धरत. दहा ठोके मोजून मगच म्हणत, "हं, बोला आता."

अमरावतीच्या एका लहान दवाखान्यात त्या हृदयाचा आलेख काढत. मी समोर औषधांच्या काउंटरवर. कापसाचा भाव पडला त्या वर्षांत छातीत धडधड घेऊन येणारे फार वाढले होते. बाई प्रत्येकाला समजावत, "हृदयाच्या पेशीले बारके दरवाजे असतेत. सोडियमचा येगळा, पोटॅशियमचा येगळा. त्याच्यातूनच वीज चालते. धडधडीची गोई दरवाजा अर्धा लावते, म्हनून धडधड ताळ्यावर येते. पन पुरा लावला तं मेले ना बापा!" डॉक्टर त्यांना 'वॉचमनबाई' म्हणत. त्यांना ते आवडे.

प्रत्येक पेशंटच्या आलेखाची जुनी कागदी पट्टी त्या जपून ठेवत. कपाट भरलं तेव्हा मी हसलो. "कावून हसून राह्यला?" म्हणून माझीही पट्टी काढली.

एकदा चांदूर रेल्वे गावचे सलीमभाई टेलर भोवळ आली म्हणून आले. धडधडीची गोळी त्यांना नेहमीचीच. बाईंनी नवी पट्टी जुनीशेजारी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला भलताच वेळ घेत होतं.

"भाऊ, दुसरी कोनती गोई खाल्ली?"

"खोकल्याची. गावातल्या डॉक्टरनं दिली. चार दिवस झाले."

बाई पट्टी घेऊन धावल्याच. "सर, दोन्ही गोयांनी पोटॅशियमचाच दरवाजा दाबला!"

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या, सलीमभाईंना भरती केलं. ड्यूटी संपली तरी बाई मॉनिटरसमोरून हलल्या नाहीत. सलीमभाई म्हणाले, "बहन, घर जाओ. घरवाले राह देखते होंगे."

"कोनी नाही पाहत," बाई म्हणाल्या. "आईबाप गेले, भाऊ नाही. तुमी झोपा."

तिसऱ्या दिवशी पट्टी सुधारली. निघताना सलीमभाईंनी बाईंचं मनगट धरलं. "ईदला बहन मायके नहीं आयेगी क्या?"

बाई एकदम काउंटरमागे आल्या आणि उगाच माझे खोके लावू लागल्या.

बारा वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती. ईदच्या आदल्या दिवशी त्यांचा अर्ज आला. डॉक्टरांनी तो मला वाचायला दिला.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : माहेरी जाणे.