तात्यांचा पाव्हणा

आमचे बदनापूरचे शेजारी दिगंबरतात्या जेवायला बसले की शर्टाचं खालचं बटण सोडायचे आणि स्वतःच्या पोटाला सांगायचे, "चला पाव्हणे, ताट आलं."

हा पाव्हणा म्हणजे पट्टकृमी. तो तात्यांच्या पोटात मीच घातला, हे आधी कबूल करतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या आणि दोन महिन्यांनी तात्यांनी मला विचारलं, माणूस एकाएकी दोघांचं कोणत्या आजारानं खातो? मी म्हणालो, पट्टकृमी असू शकेल. मग शिक्षकाला राहवतं का? पट्टीसारखा लांब आणि चपटा म्हणून त्याचं नाव पट्टकृमी, त्याला तोंड नाही, पोट नाही, डोक्यानं आतड्याला धरून राहतो आणि आपण पचवलेलं अंगानंच शोषून घेतो, असं सगळं सांगितलं.

"तोंड न्हाई तरी जेवतो? बिलकुल जावईच झाला मंग," तात्या म्हणाले, आणि खूश होऊन गेले. आजाराचं नाव ऐकून माणूस खूश का होतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या दिवसापासून गल्लीत पाव्हण्याचा मुक्काम जाहीर झाला. पाव्हण्याला वांग्याचं भरीत आवडतं, उपासाला तो रुसतो. मी मात्र गोंधळलो होतो. हा कृमी बहुतेक अर्धवट शिजलेल्या मांसातून येतो आणि तात्यांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. वजनही घटण्याऐवजी वाढत होतं. मी औषधाचं काढलं की म्हणायचे, "राहू द्या की सर. काय त्रास देऊन राह्यला तो?"

मला झोप लागेना. उद्या काही झालं तर दोष माझा. शेवटी हट्टानं त्यांना जालन्याला नेऊन तपासणी करून घेतली. रिपोर्ट मीच आणला आणि चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर, आनंदानं वाचून दाखवला. पोटात काहीही नाही.

टपरीवाला म्हणाला, "म्हणजे तात्या, इतके दिवस दोघांचं तुम्हीच हाणून राह्यले होते?"

सगळे हसले. मीही हसलो. तात्यांनी कागदाची घडी केली, चहा अर्धा ठेवला आणि उठले. चार दिवस टपरीवर फिरकले नाहीत.

पाचव्या दिवशी माफी मागायला गेलो. ते परातीत पीठ घेत होते. माझ्याकडे न बघताच बोलले.

"तुमची काकू खाटेवर पडून सांगायची, मी चुलीपाशी करायचो. तीन महिन्यांत सगळं शिकवलं तिनं. एवढं पीठ, एवढी डाळ, एवढं मीठ. सगळं दोघांचं. एकट्याचं कितीक घ्यायचं, हे इचारायचं सुचलंच न्हाई मला." पिठात मीठ टाकत म्हणाले, "आन् तिच्या मापाचं केलेलं टाकवत न्हाई. लोक इचारायचे, काहून एवढं खाता? तुमच्या त्या किड्यानं सोय झाल्ती."

निम्मं घ्या, एवढंच सांगायचं होतं. तिसरीतल्या पोरालाही सुचलं असतं. माझ्या तोंडून निघेना.

"बसता का?" त्यांनी विचारलं.

मी घरून जेवून गेलो होतो. ते सांगितलं नाही.