पत्ता सांगून थांबणारे कर्नलसाहेब

रहीमभाई बोलता बोलता मध्येच थांबायचे. थांबायचे म्हणजे साफ थांबायचे. हातातला समोसाही तोंडापासून वीतभर अंतरावर अडकून राहायचा. सांगत असलेल्या गोष्टीत एखादं नाव चुकल्याची शंका आली की पुढचा शब्द नाही. "इधर तक पक्का," म्हणायचे, कुठं अडकलं ते सांगायचे आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या भाच्याच्या लग्नाची हकीगत मी चार वेळा ऐकली, पण वरात काही अजून मंडपात पोचलेली नाही.

चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्रांचे कॉम्प्युटर तयार होतात. त्यांच्या पोटात सगळ्या कामांवर देखरेख करणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो रहीमभाईंकडे, म्हणून आम्ही त्यांना कर्नलसाहेब म्हणायचो. हे ऐकून गेटवरचे माजी सैनिक साळवेमामा रोज सकाळी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकत. पहिल्या दिवशी रहीमभाई लाजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा डाव्या हातात घेतला आणि उजव्यानं सॅल्यूट परत केला. मामांचा गैरसमज दूर करायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मेमरीची चिप बिघडली, तिथं काय लिहिलं होतं तेच कळेनासं झालं, तर कर्नलनं काय करावं? ज्या कामाची जागा खराब झाली तेवढं काम बंद करावं, इथपर्यंत आमचं एकमत. पण खुद्द कर्नलचीच जागा खराब झाली तर? मी म्हणायचो, गुपचूप बंद होऊन पुन्हा चालू व्हावं. गिऱ्हाइकाला पडद्यावर बिघाड कशाला दाखवायचा?

माझं गाव कन्नड, म्हणून रहीमभाईंसाठी मी कन्नडवाला. ते कपाळाला हात लावायचे. "अरे कन्नडवाले, ज्याचं डोकंच ठिकाणावर नाय त्यानं औषधं भरायची? नक्को! थांबायचं. आणि थांबण्याआधी पत्ता सांगायचा, कुठल्या जागी बिघडलं त्याचा. नायतर मागून येणाऱ्यानं शोधायचं कुठं?"

'पत्ता सांगून थांबा' अशी पाटीच त्यांच्या टेबलावर होती. शर्टाच्या खिशातही रोज सकाळी नवी चिठ्ठी असायची. बघू म्हटलं की खिशावर हात. मी तिला कर्नलसाहेबांचं मृत्युपत्र म्हणायचो, आणि आपण फार विनोदी बोललो असं मला वाटायचं.

शेवटी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी माझ्या बाजूनं कौल दिला. पत्ता दाखवणारा भाग काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं. ते मी आजतागायत केलेलं नाही, का ते सांगतो.

त्या दिवशी रहीमभाई जेवलेच नाहीत. मला पटवत राहिले. चारच्या सुमारास "हे बघ, पत्ता..." म्हणाले आणि थांबले. मला सवयीचं होतं. मी 'इधर तक पक्का'ची वाट बघत बसलो, आणि ते खुर्चीवरून खाली आले.

मधुमेह होता, उपाशीपोटी साखर उतरली होती. दवाखान्यात सलाईन लागल्यावर डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, धोका नाही, उद्या सोडतो. रहीमभाईंनी घड्याळ पाहिलं, खिशातली चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली.

"मी थांबलो असेन तर: रोशन गेटजवळ, हिरवा दरवाजा. अम्मी एकटी आहे, तिला दिसत नाही. फोन करू नका, घाबरते. कडी दोनदा वाजवा. सकाळची गोळी दिली आहे. आज उजवा हात दुखतोय, चहाचा कप डावीकडं ठेवा. कन्नडवाल्याला पाठवा. भांडखोर आहे, पण जाईल."

गेलो. कडी दोनदा वाजवली. स्वतःच्या घरी कधी केला नव्हता तो चहा केला आणि कप डाव्या हाताशी ठेवला. अम्मींनी तो बरोबर उचलला.

"कन्नडवाला ना रे तू? रहीम रोज तुमचं भांडण सांगतो. पुरं कधी होतच नाय." मग जरा दबकत म्हणाल्या, "आज कुठं थांबला तो?"

मी त्यांच्याजवळ खाली बसलो.

"दवाखान्यात हायेत अम्मी, बरे हायेत. उद्या येतील," मी म्हणालो. "पत्ता सांगून थांबलेत."